फरीदाबादचे शनिवार

मस्कतहून निघताना मी बाबांना सांगितले, रजा शिल्लक आहे म्हणून येते आहे. ते खोटे होते. मी चोर पकडायला निघाले होते.

माझे खाते दिल्लीत, द्वारकेच्या बँकेत. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि सरोजिनी नगरचे सरकारी घर सोडून द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला गेले, तेव्हा ते उघडले. कार्ड बाबांकडे, पासवर्ड माझ्याकडे. बँकेने नुकतेच इंटरनेटवर खाते दाखवायला सुरुवात केली होती. मस्कतच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते उघडून बघे. तिथेच दिसले, की दर शनिवारी फरीदाबादच्या एका एटीएममधून पैसे निघत होते. रक्कम मोठी नव्हती, पण शनिवार चुकत नव्हता.

फोनवर सहज विचारल्यासारखे विचारले, "बाबा, फरीदाबादला जाता का कधी?"

"छे! मी तिकडे कशाला जाऊ?"

मग कार्ड कोण नेत होते? आई गेल्यापासून बाबा एकटेच. घरात येणेजाणे होते ते फक्त शेजारच्या भाटियाजींचे.

दिल्लीवर कोहरा (दाट धुके) होता. विमान किती तरी वेळ वरच घिरट्या घालत राहिले. बाहेर आले तर गाडी घेऊन भाटियाजी हजर. "बेटी, कितनी दुबली हो गई!" म्हणत त्यांनी बॅग उचलली. घरी पोचल्यावर खिशातून किल्ली काढून आमचे दार त्यांनीच उघडले. त्या किल्लीकडे मी बघतच राहिले. बाबा आत निवांत चहा टाकत होते. एवढा साधा माणूस, याला कुणीही फसवील, असे मनात आले.

शुक्रवारी बाजारातल्या बूथवरून बँकेला फोन करून मी कार्ड बंद करायला लावले. चोर मशीनपाशी अडकला की तिथेच गाठायचा, असा माझा बेत होता.

शनिवारी सकाळी मी म्हणाले, "सरोजिनी नगरला जाऊन स्वेटर बघते."

"जा, जा. आरामात ये," बाबा लगेच म्हणाले. त्यांची ती घाईही मला खटकली.

मेट्रो शहरात सोडून बस धरली. बदरपूरला ट्रकांच्या रांगेत बस बराच वेळ अडकली. कंडक्टरला म्हटले, "फरीदाबाद."

"मैडम, फरीदाबाद तो बहुत बड़ा है. उतरना कहाँ है?"

मला फक्त बाजाराचे नाव माहीत होते, पडद्यावर वाचलेले. त्याने एक थांबा आधीच उतरवले. कारखान्यांच्या भिंतींच्या कडेने धूळ खात चालत गेले. बाजारात आमच्या बँकेचे एकच मशीन होते. समोरच्या गाडीवर शकरकंदी (भाजलेले रताळे, वर लिंबू आणि मसाला) घेतली आणि उभी राहिले.

"किसी का इंतज़ार है?" गाडीवाल्याने विचारले.

"हाँ," मी म्हटले.

अर्ध्या तासाने भाटियाजींची गाडी आली. पण भाटियाजी जागेवरून हलले नाहीत. दुसऱ्या दारातून मफलर गुंडाळलेले बाबा उतरले.

काचेतून मला सगळे दिसत होते. मशीनने कार्ड गिळले. बाबांनी बटणे दाबून पाहिली, फटीवर बोटाने हलकेच टकटक केली. मागचा माणूस ओरडला, "अंकल, जल्दी करो!" ते खिसे चाचपत बाहेर आले. मी रस्ता ओलांडला.

"बाबा."

ते दचकले नाहीत, घाबरले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला मस्कतहून दिसतं. कधी, कुठून, किती काढले ते."

त्यांनी वळून मशीनकडे पाहिले. "कार्ड तूच बंद केलंस?"

मी मान हलवली. गाडीतून भाटियाजी हळूच म्हणाले, "बेटी, पूछ लेती." त्यांच्या नजरेला नजर देणे मला जमले नाही.

"आता आलीच आहेस तर वर चल," बाबा म्हणाले. "कुमुद वाट बघत असेल."

कुमुद माझी आत्या, त्या बाजारातच दुकानांवरच्या घरात राहणारी. कारखान्यातल्या सलीमकाकांशी तिने लग्न केले आणि आईने तिचे नाव घरात घेऊ दिले नाही. काका वारले होते, आत्याचे उजवे अंग लकव्याने गेले होते. व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. त्यांचे पैसे बाबा देत. त्या दिवशीचे भाटियाजींनी दिले.

"दादा, ही कोण?"

"माझी लेक."

आत्याने डावा हात पुढे केला. इतकी वर्षे फरीदाबादेत काढूनही तिचे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होते. "हिला सांगितलंस? तू तर म्हणायचास, ही आईच्याच वळणाची आहे, हिला कळता कामा नये."

बाबा स्वयंपाकघरात निघून गेले. थोड्या वेळाने थालीपिठाचा वास आला. पीठ बाजरीचे होते, थापत होते बाबा. त्यांना तव्याशी उभे असलेले मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. आम्ही सगळ्यांनी ती लोण्याशी खाल्ली. निघताना आत्याने माझी बोटे बराच वेळ सोडली नाहीत.

मस्कतला परतून आता तीन महिने झाले. बँकेने बाबांना नवे कार्ड दिले आहे. मी आत्याला फोन करते, तिला आता काठी धरून दारापर्यंत जाता येते. बाबा दर शनिवारी येतात, असे ती सांगते. माझ्या खात्यात मात्र फरीदाबाद पुन्हा दिसलेले नाही. बाबा पेन्शनमधून देतात.

मी विचारले, "कार्ड का वापरत नाही?"

"मशीनवर माझा विश्वास नाही गं," बाबा म्हणाले.

ते मशीनबद्दल बोलत नव्हते, हे मला कळले. मी विषय बदलला.