यादीतली पहिली ओळ

दसरा. अंबडची खोली. हजर: आई, पप्पा आणि बारा वर्षांची मी.

आज फ्रिजवर ‘काय बंद करायचं’ ही खर्चाची यादी चिकटवताना झेंडूचा वास आला आणि दसऱ्याची ती सकाळ आठवली. पप्पांचा ओव्हरटाइम बंद झाला होता, म्हणून कोणालाही न विचारता मी अशीच यादी भिंतीला लावली होती. पहिली ओळ होती, पप्पांची दारू.

“नवऱ्याला अक्कल शिकवते?” पप्पा आईवर ओरडले. माझं अक्षर तिनेच गिरवून घेतलेलं, हुबेहूब तिच्यासारखं.

“हो, मीच लिहिलं,” आई म्हणाली.

पप्पांनी लाटणं तिच्या तोंडावर हाणलं. तोरणाच्या फुलांवर रक्त सांडलं. मी वाचले, एवढंच तेव्हा मला कळलं.

आत्ता आई शेजारी तोरण ओवतेय. ओठावरचा व्रण तसाच आहे. माझ्या मनातल्या दुसऱ्या यादीत ‘आईची माफी मागणे’ यापुढे अजून खूण झालेली नाही.