घोडीचा पुढचा डावा पाय

ओहोटी लागली की आमच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत घोडागाड्यांच्या शर्यती होतात. मी नालबंद आहे. किहीमपासून खाली श्रीवर्धनपर्यंतच्या घोड्यांना नाल ठोकत आलोय. पण मामाच्या घोडीची गोष्ट आठवली की अजूनही डोकं तापतं.

मोठ्या शर्यतीच्या सकाळी मामानं मला बोलावलं. घोडी दिसायला झकास होती. अंगावर तेलाचा हात, आयाळीत गोंडे, कपाळाला कुंकू. एरवी ती माझ्या मांडीवर पाय देऊन डुलक्या काढायची. त्या दिवशी पुढचा डावा पाय उचलताच तिनं झटका देऊन सोडवून घेतला. खुराला तळहात लावला, तर चांगलाच गरम. उजवा मात्र गार होता. चिमट्यानं तळवा जरा दाबला, तशी खांद्यापर्यंत तिची कातडी थरथरली.

"मामा, खुरात पू धरलाय. आज पळवू नका हिला."

"काय न्हाय झालंय. काल सुई टोचून घेतलीय. सुटायच्या आधी अजून एक टोचतो, मग न्हाय दुखायचं."

दुखणं कळलं नाही तर घोडी जीव खाऊन पळणार आणि पाय मोडल्यावरच थांबणार. चाळीस वर्षं घोडी पाळणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं?

शर्यतवाल्यांनी तपासणीला डॉक्टर आणला होता. तो मांडवात खुर्चीवर बसलेला. समोरच्या भुसभुशीत वाळूतून एकेक घोडा चालत जाई आणि हा बसल्या जागेवरून कागदावर शिक्का मारी. एकाही जनावराला त्यानं हात लावला नाही. मऊ वाळूत लंगडणं लपतं, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मी जाऊन खुराचं सांगितलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मी तसाच मागे फिरलो. मामाच्या हातातला लगाम घेतला आणि घोडीला सुरूच्या झाडांमागच्या डांबरी रस्त्यावर नेऊन दुडकी चालवली. तीन टापा खणखणीत पडत होत्या आणि चौथी चोरटी. रस्त्याकडेला सुकट विकायला बसलेली बाई पटकन म्हणाली, "अगो, ती लंगडतेय की." मग सगळ्यांनीच कान दिला. डॉक्टरला खुर्ची सोडावी लागली. घोडी बाद झाली.

"मालकानं आधी सांगायला हवं होतं," एवढं बोलून तो परत जाऊन बसला. लाज नाही, काही नाही.

"घरचा असून चार लोकांत नाक कापलंस माझं," मामा म्हणाला.

संध्याकाळी त्याच्याच अंगणात मी खूर कोरला. काळा, घाण वास येणारा पू चिळकांडी मारून बाहेर आला. मामानं स्वतः पाय धरला होता. तो चुकलो असं म्हणाला नाही, पण त्यानं मामीला गरम पाणी आणायला सांगितलं. घोडी महिन्याभरात नीट चालू लागली. तिच्या नालांसाठी मामा आता दुसऱ्याला बोलावतो.

पुढल्या वर्षी मांडवात तोच डॉक्टर होता. सगळे घोडे डांबरावर चालवून बघा, असं मी शर्यतवाल्यांना सांगितलं. "तू तुझे नाल ठोक," ते म्हणाले. तरी मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. तीन मालक आपापले घोडे घेऊन माझ्याकडे आले. बाकीचे सरळ वाळूत उतरले.