साडेदहाची भरती

जाहीर निवेदन. कोकणातले समस्त आप्तेष्ट, बॉस्टन आणि श्रूजबरीकडचे मित्र, आणि ज्यांना माझ्या डोक्याविषयी पहिल्यापासून शंका आहे असे सर्व, यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सदर इसमाने अमेरिकेत, स्वतःची मोटार नसताना, मेट्रो आणि बस बदलत समुद्रावर जाऊन मासे गरवले. त्या कामी नागपूरचे एक सज्जन गृहस्थ समुद्राला जवळजवळ अर्पण झाले. आणि या सगळ्याला जबाबदार चंद्र आहे. कुणाची हरकत असल्यास ती चंद्राकडे नोंदवावी.

आता रीतसर सुरुवातीपासून सांगतो.

मी घर सोडलं ते दोन हजार एकच्या जानेवारीत, आणि भरतीला. आमचं गाव खाडीच्या अलीकडे, डांबरी रस्ता पलीकडे, मध्ये तर, म्हणजे होडीची ये-जा. ओहोटीला तरीची होडी काठाला लागत नाही, मांडीएवढ्या चिखलातून जावं लागतं. परदेशी जाणाऱ्यांचे लोक मुहूर्त बघतात; माझे वडील, म्हणजे अप्पा, यांनी पाणी बघितलं. ते शाळेत कारकून होते, पण त्यांचा खरा जीव खाडीत. त्यांचा हिशोब सोपा: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ हातात. त्या हिशोबाने आम्हाला सकाळी लवकर निघायचं होतं. आई दारात डोळ्यांना पदर लावून उभी राहिली, तर अप्पा म्हणाले, "रडणं होडीत बसल्यावर कर. पाणी थांबायचं नाही."

माझ्या दोन नव्याकोऱ्या बॅगा होडीत चढल्या, आणि पलीकडच्या रस्त्यापर्यंत सोडायला आईही चढली. अप्पा स्वतः आले नाहीत. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी होडी धरून ठेवली, आणि ढकलण्याआधी एवढंच म्हणाले, "नव्या पाण्याची ओळख होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करू नको." मग ढकलली. खाडीवर धुकं होतं. आधी अप्पांचे गुडघे गेले, मग लेंगा, मग सगळे अप्पा. आई शेवटपर्यंत तिकडेच बघत होती. मी मात्र व्हिसाचा कागद ओला होत नाही ना, हे बघत होतो.

बॉस्टनमध्ये समुद्र आहे हे मला तिथे पोचल्यावर बऱ्याच महिन्यांनी कळलं. आमच्याकडे समुद्र नाकाला आधी कळतो, इथे काचेच्या ऑफिसातून तो पडद्यावरच्या चित्रासारखा दिसायचा, बिनवासाचा. मग एका रविवारी पुलावर एक म्हातारा लांब काठी घेऊन उभा दिसला. त्याने पाण्यातून जे वर काढलं ते बघून मी भर थंडीत मफलर सोडला. चांदीसारखं अंग, त्यावर कुणी पट्टी धरून आखाव्यात तशा काळ्या रेघा, आणि तोंड थेट आमच्या खाडीतल्या जिताड्याचं! स्ट्राइप्ड बास. मी त्याच संध्याकाळी अप्पांना फोन केला आणि नोकरीचं सोडून बाकी सगळं सांगितलं.

माझ्याकडे गाडी नव्हती. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये माझी आणि फुटपाथची भेट झाली होती, तो प्रसंग पुन्हा कधी. श्रूजबरीचे मित्र मिनीव्हॅनमधून मॉलला जाताना विचारायचे, "अरे यार, मासा दुकानात साफ करून मिळतो. तू बसने कशाला जातोस?" मी जायचो. पडद्याच्या दांड्या येतात त्या लांब पुठ्ठ्याच्या खोक्यात काठी, पाठीवर आमिषाची पिशवी, आणि पहाटेची पहिली मेट्रो. ते दिवसही तसे होते, जुळे मनोरे पडल्यानंतरचे. सावळा माणूस, दाढी वाढलेली, मांडीवर लांबच लांब खोकं. माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसत नसे. एकदा एक बाई माझ्याकडे बघत बघत मुलाला उचलून दुसऱ्या डब्यात गेली. एकदा पोलिसाने खोकं उघडायला लावलं, आत वाकला, आमिषाच्या शिळ्या माकूळाचा वास त्याच्या नाकात गेला, आणि त्याने देशाच्या सुरक्षेची फिकीर सोडून खोकं झटकन बंद केलं.

माझ्याबरोबर यायला तयार झाला तो एकच वीर. शिरीष. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा, डेटाबेसचं काम करायचा, अस्सल नागपूरचा. त्याला पोहता येत नव्हतं, मासा बघून कसंसं व्हायचं, पण शनिवारी घरी राहिलं तर त्याची बायको ज्योती व्हॅक्यूम हातात द्यायची.

आमची पद्धत ठरलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी कॉलिंग कार्डाचे नंबर दाबून अप्पांना फोन करायचो. तिकडे शनिवारची सकाळ झालेली असायची. अप्पा दिनदर्शिकेसमोर उभे राहून तिथी सांगायचे, गुणायचे, भागायचे, आणि आमच्या बॉस्टनच्या पाण्याची वेळ कोकणातून जाहीर करायचे. बापलेकांनी दुसरं काय बोलावं हे आम्हा दोघांनाही कधी सुचलं नाही, त्यामुळे ही सोय फार छान होती. आमिषाच्या दुकानातल्या माणसाने मला एकदा भरतीचं छापील वेळापत्रक फुकट देऊ केलं. मी ते ऐटीत परत केलं. माझं वेळापत्रक खोकायचं, पान खायचं, आणि "जेवलास का" असंही विचारायचं.

पाणी मात्र अप्पांच्या वेळेपेक्षा जरा उशिरा फिरायचं. मी सांगितलं तर अप्पा विचार करून म्हणाले, "तिथलं पाणी थंड. जड असणार." या शास्त्रीय उत्तरावर आम्ही दोघेही खूश होतो. काठावर उभं राहून गरवणाऱ्याला थोडा उशीर झाला तर काय बिघडतं?

दोन हजार सहाच्या जूनमध्ये आम्ही काठ सोडला.

बंदराच्या तोंडाशी, जिथे बस शेवटचा वळसा घेते, तिथून काळ्या खडकांची एक रांग समुद्रात जाते. ओहोटीला ती उघडी पडते, आणि तिच्या टोकाला एक उंच खडक आहे. मोठे मासे त्या टोकाशी फिरतात असं ऐकलं होतं. अप्पा फोनवर म्हणाले, "चतुर्दशी. तुझ्याकडे उद्या साडेदहाला भरेल आणि फिरेल. टोकावर जायचं तर आधी जा, मग पाणी उतरेपर्यंत तिथेच थांब. खडकाचा माथा कोरडा राहतो ना?" मी म्हटलं, "गेल्या शनिवारी तुमच्या भरतीच्या वेळेला काठावरून बघितला. कोरडा होता." अप्पा म्हणाले, "मग बिनधास्त."

सकाळी बसमधून उतरलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की बस वळली आणि नाहीशी झाली. जवळच विमानतळ, पण विमानं दिसत नव्हती. फक्त डोक्यावरून काहीतरी प्रचंड घरंगळत गेल्यासारखा आवाज यायचा आणि आपण आपोआप मान खाली घालायचो. दूर कुठेतरी जहाजांना इशारा देणारा भोंगा वाजत होता. भोंग्याच्या दोन हाकांच्या मधली शांतता मला आवडली नाही. शिरीषने आपला फोन (माझ्याकडे तेव्हा मोबाइल नव्हताच) भिजू नये म्हणून बॅगेसकट काठावरच्या कठड्याला अडकवला, आणि आम्ही खडकांवरून टोकाला गेलो.

गरवायला सुरुवात केली. आमच्या खाडीचं पाणी चढताना बोलतं. दगडाला चापट्या मारतं, खेकड्यांना हाकलतं. हे पाणी गप्प होतं. मागे वळून बघितलं तेव्हा मधले दोन खडक दिसत नव्हते. पुन्हा बघितलं तेव्हा काठच दिसत नव्हता.

"पाणी वाढून राहिलं ना बे," शिरीष म्हणाला.

"साडेदहाला फिरेल. अप्पांनी सांगितलंय."

साडेदहा वाजले. पाणी आमच्या बुटांना लागलं. मी काठी तशीच धरून हसत होतो, पण माझ्या हसण्याला आता बूट ओले झाल्याचा वास येत होता. पावणेअकराला ते घोट्यावर आलं. इतकं थंड, की ते पाणी आहे असं न वाटता कुणीतरी घोटा पकडलाय असं वाटत होतं.

"भाऊ, मी नागपूरचा माणूस," शिरीष शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे अंबाझरी तलाव आहे. तो कधी कोणाच्या अंगावर येत नाही. तुमचे अप्पा वेळ कोणत्या घड्याळाने सांगतात?"

"घड्याळाने नाही. चंद्राने."

त्याने आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. डेटाबेसवाला माणूस, चूक सापडली की त्याचा चेहरा देवळातल्यासारखा होतो.

"आपण एप्रिलमध्ये घड्याळ एक तास पुढे केलं," तो म्हणाला. "चंद्राने केलं का?"

मंडळी, मी या देशात तोवर पाच वर्षं राहिलो होतो. दरवर्षी उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे ढकलत होतो, आणि दरवर्षी अप्पांचं पाणी तासभर उशिरा फिरत होतं. ते जड नव्हतं. ते अगदी वेळेवर होतं. आमची साडेदहाची भरती साडेअकराला होणार होती, आणि अजून पाऊण तास पाणी चढतच राहणार होतं.

तेवढ्यात धुक्यातून आरती ऐकू आली. शिरीषच्या फोनची घंटी. कठड्यावर बॅगेत, पलीकडे, गणपतीची आरती वाजत होती. "ज्योती आहे," तो म्हणाला. "उद्या वटपौर्णिमा. आंबे आणायला सांगत असेल." आरती संपली. पुन्हा लागली. अर्ध्यातच तुटली. मग फक्त भोंगा.

पाणी पिंढरीवर आलं, मग गुडघ्यावर. मधल्या फटीतून प्रवाह असा ओढत होता की उभ्या जागी पाय हलायचे. मला पोहता येत होतं. हे मलाही माहीत होतं आणि शिरीषलाही.  त्याने फक्त माझ्या जॅकेटचा पट्टा धरला. मी त्याला सोडून गेलो नाही असं लोकांना सांगताना मी छाती पुढे काढतो, पण खरं म्हणजे त्या पट्ट्याला अशी काही मूठ होती की मी गेलो असतो तरी नागपूरसकट गेलो असतो.

आणि ऐन त्या वेळी मासा लागला. अशी ओढ मी आयुष्यात अनुभवली नव्हती! काठी वाकून पाण्याला टेकली, दोरीची चरखी किंचाळली, धुक्यात कुठेतरी एक रुंद शेपटी पाण्यावर आपटली. मी एक पाऊल पुढे गेलो. पुढे तिथे खडकच नव्हता.

"दोरी काप!" शिरीष ओरडला. "काप बे, नाही तर मी चावतो!"

मी कापली. पाच वर्षं ज्याच्यासाठी पहिल्या मेट्रोने फिरलो, तो मासा मी न बघताच गेला. काठी सरळ झाली आणि तोल सावरायला मी तिचाच टेकू घेतला. मग आम्ही दोघं एकमेकांना धरून, लग्नातल्या फोटोसारखे, समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. पाणी मांडीवर आलं. दातांचा आवाज कुणाचा हे कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर शिरीषने अंगठ्याने आपल्या पँटवर जिथे पाणी होतं तिथे दाब देऊन खूण धरली. किती तरी वेळ तो अंगठा पाण्याखाली जात राहिला, तो वर सरकवत राहिला. आणि मग एकदा अंगठा तिथेच राहिला. पाणी त्याच्या वर गेलं नाही. थोड्या वेळाने अंगठा कोरडा झाला.

पाणी उतरून वाट उघडी पडेपर्यंत दुपार झाली. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं आणि हीटर लावला. जूनमध्ये. ज्योतीने दार उघडलं, आधी खाली साचलेल्या पाण्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि आंब्यांविषयी तिने काहीच विचारलं नाही.

आता अप्पा नाहीत. आई तर त्यांच्याही आधी गेली. खाडीवर पूल झाला, तरीची होडी बंद पडली. आता आमच्या गावातून निघायला कुणी पाणी बघत नाही, कधीही निघता येतं आणि म्हणून सगळे निघून गेले. मी गाडी चालवायला शिकलो, फुटपाथला क्षमा करून. गावी गेलो की लोक म्हणतात, घरी आलास. बॉस्टनला उतरलो की इमिग्रेशनचा अधिकारीही तेच म्हणतो. दोघांनाही मी मान डोलावतो. पण घर म्हटलं की मला ना तिकडची पडवी आठवते, ना इकडचं कर्ज काढून घेतलेलं दार. आठवतो तो शुक्रवारचा फोन. दोन टोकांना आम्ही दोघं, आणि मध्ये आमचा दोघांचा मिळून असलेला एकच समुद्र, ज्यात एका तासाची चूक होती. त्या चुकीत मी जेवढा घरी होतो तेवढा नंतर कुठेच नव्हतो.

खडकावरून परतलो त्या शनिवारी संध्याकाळी, तीन ब्लँकेटं पांघरून, मी अप्पांना फोन केला. सगळं रंगवून सांगितलं. शिरीषचं नागपूर, कठड्यावरची आरती, चावायची धमकी, अंगठा. घड्याळाची गंमत शेवटासाठी राखून ठेवली होती. अमेरिकेने तास पुढे केला, चंद्राने ऐकलं नाही, असं म्हणून मी स्वतःच खो खो हसलो. पलीकडून हसणं आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. मग ज्या माणसाने मला आयुष्यात एकदाही "परत ये" म्हटलं नव्हतं, तो एकदम बोलून गेला:

"अरे, पण मी कसा आलो असतो रे तुला काढायला?"