पडणाऱ्या टेस्ट वगळा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ग्योतोकु या उपनगरातून रोज टोकियोतल्या ऑफिसात जायची. एका विमा कंपनीसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहीत होतो आणि त्याच्या स्वयंचलित टेस्ट माझ्याकडे होत्या; उत्तर चुकलं की टेस्ट 'पडली' म्हणायचं. सगळ्या चालवायला अख्खा दिवस जाई, म्हणून कोणत्या वगळायच्या ते आमचे मुंबईचे टीम लीडर ठरवत. कोडचा कुठला भाग बदलला ते पाहून टेस्ट निवडायच्या, इतकी साधी गोष्ट. पण या गृहस्थांना कोड वाचायचाच कंटाळा. टायची गाठ मात्र सारखी तपासत.

"जपानी तारखांच्या टेस्ट वगळ," एकदा म्हणाले.

"सर, आपण तारखांचाच कोड बदललाय."

"म्हणूनच पडतायत ना? अगं, जे पडतंय ते चालवून रिपोर्ट कशाला खराब करायचा?"

इथे जन्मसाल बादशहाच्या कारकिर्दीनुसार लिहितात आणि आपला नवा कोड आधीच्या शोवा काळातलं साल आताच्या हेइसेइचं समजतोय, हे मी समजावलं. त्यांनी हात झटकला. उरलेल्या टेस्ट पास, म्हणून रिपोर्ट हिरवागार झाला आणि साहेब त्या हिरवळीवर खूश.

प्रात्यक्षिकाला विमा कंपनीच्या एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी सहज स्वतःची जन्मतारीख टाकली. पडद्यावर उत्तर आलं: या व्यक्तीचा जन्म अजून व्हायचा आहे.

बाई हसल्या नाहीत. आमचे साहेब कमरेत वाकले आणि वाकल्या वाकल्या इंग्रजीत म्हणाले, "टेस्टिंगवाल्यांची नजरचूक झाली." टेस्टिंगवाली म्हणजे मी. शेजारीच उभी होते.

"नजरचूक नाही," मी जपानीत म्हटलं. "ती टेस्ट पडत होती. ती वगळायला सांगितलं गेलं."

"कोणी?" बाईंनी विचारलं. मी साहेबांकडे पाहिलं. ते अजून वाकलेलेच होते.

त्यानंतर वगळलेल्या प्रत्येक टेस्टपुढे कारण आणि जबाबदार माणसाचं नाव लिहायची अट विमा कंपनीने घातली. नाव लिहायचं म्हटल्यावर साहेबांनी वगळणंच सोडलं. बटणाचा रंग बदलला तरी सगळ्या टेस्ट चालवायच्या! मशीन दिवसभर अडकलेलं, आम्ही चहा पीत बसलेलो. आधी आळस होता, आता भित्रेपणा; डोकं दोन्ही वेळा बंदच. शेवटी कुठल्या बदलाला कुठल्या टेस्ट, हे मीच ठरवलं आणि पुढे माझंच नाव लिहीत गेले.

साहेब मुंबईला परतले. तिथे नव्या मुलांना ते गुणवत्तेवर व्याख्यानं देतात, असं कळलं. मला नवल वाटलं नाही.