ताकाच्या रंगाची होडी

स्वारगेटला बारामतीची एसटी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत कोकमं, तळलेले गरे आणि एक खोटी ख्याती होती. कोकमं नि गरे मी घेतले होते. ख्याती मला सांगवीकरांनी परस्पर बहाल केली होती. माझी धाकटी बहीण सुलभा बारामतीजवळच्या सांगवीत दिलेली. दापोलीकडची माणसं जन्मतःच वल्हं हातात धरतात, अशी तिच्या सासरच्यांची पक्की समजूत. प्रत्यक्षात आमचं घर आंबेवाल्यांचं, आणि मला तर फेरीबोटीत बसलं तरी मळमळतं. पण सुलभा फोनवर म्हणाली, “ताई, होडीचा रंग ठरवायचाय. तू ये. तुझं ऐकतील.” आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकणार होतं, मग मी कशाला थांबते!

रंगाचा प्रश्न वाटतो तेवढा हौसेचा नव्हता. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाचा फुगवटा (धरणामुळे अडून मागे पसरलेलं पाणी) आहे. थंडीपासून उन्हाळा संपेपर्यंत तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते बघायला लांबलांबून लोक येतात. सुलभाने हट्टाने फायबरची होडी घेतली, इंजिन चालवायला शिकली आणि हिवाळाभर पाहुण्यांना पक्षी दाखवले. पुढे ऊन तापलं तशी होडीही तापली. वर ताडपत्री होती, पण बाकं आणि कडा अशा भाजायच्या की माणसं बसल्याबसल्या उठायची. ज्यांनी एकदा चटका खाल्ला ते पुन्हा फिरकायचे नाहीत. सुलभाच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मग निकाल देऊन टाकला होता: पाडव्याला होडी माणसांनी भरली तर ठेवायची, नाहीतर विकायची.

दौंड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्या मोठमोठ्याने गाणी लावून एसटीच्या पुढे चाललेल्या होत्या, आणि आमचा ड्रायव्हर त्या गाण्यांवर स्टिअरिंगवर बोटं वाजवत निवांत त्यांच्या मागे चालला होता. बारामतीच्या स्टँडवर सुलभा न्यायला आली होती. रंग रापलेला, पदर खोचलेला, भाषा पुरती घाटावरची झालेली. “किती वाळलीस गं,” असं आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो, आणि ते दोघींच्याही बाबतीत साफ खोटं होतं.

सांगवीतल्या त्यांच्या घरासमोर उतरले नि रोग कळला. फाटक काथ्या रंगाचं, म्हणजे गडद तपकिरी. ट्रॅक्टर काथ्या, ट्रॉली काथ्या, पाण्याची टाकी काथ्या, धान्याची कणगीसुद्धा काथ्या. आबांच्या पहिल्या ट्रॉलीचा तो रंग. तेव्हापासून घरात जे जे लोखंडाचं किंवा चाकाचं आलं, त्याला तोच रंग लागला. होडीही आली तशी रंगली.

“लांबनं बगितलं तरी लोक वळखत्यात, आबांची गाडी आली म्हनून,” आबा म्हणाले. उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र टोपीतले गृहस्थ. “रंग बदलायचा म्हंजी नाव बदलायचं, पाव्हणीबाई. तुमी कोकणातल्या. तुमीच सांगा, काथ्या रंग पाण्यात टिकतो का न्हाय?”

“टिकेल की,” मी म्हणाले. “माणसं टिकणार नाहीत.”

सुलभाने मला डोळ्यांनी दटावलं. रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी, माळवं (भाजीपाला) आणि असा झणझणीत खर्डा होता की पुढचं मत मांडायला माझी जीभच जागेवर राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फुगवट्यावर गेलो. मी समुद्राकाठची, पाणी बघून भारावणं आमच्या स्वभावात नाही. पण इथे मी खरंच थबकले. बाभळींच्या रांगेमागे एकदम पाणी लागतं, आणि त्या पाण्याला ना लाट ना आवाज. लांब उथळावर गुलाबी रेघ होती. रेघ हलली तेव्हा ती पाखरं आहेत हे मला कळलं.

सुलभाची होडी काठाला होती. उत्साहाने मी कडेवर तळवा टेकवला आणि आई गं म्हणून मागे घेतला. कडेच्या रंगाला ठिकठिकाणी फोड आले होते. गडद रंगाने ऊन पिऊन पिऊन फायबरही उलायला लागलं होतं. आमच्याकडच्या होड्या गडद निळ्या, हिरव्या असतात खऱ्या, पण त्यांना सतत वारा आणि लाटांचं शिंपण असतं. इथे कोरडं, उभं ऊन. इथे आमच्याकडचं शहाणपण चालणार नव्हतं.

काठावर भानुदासराव भेटले. त्यांच्या स्वतःच्या दोन होड्या होत्या आणि तिसरीवर, म्हणजे सुलभाच्या होडीवर, डोळा होता. माणूस गोड बोलणारा.

“बाईमाणसाला कशापायी हा ताप? मी घेतो म्हनलोय आबांना,” ते म्हणाले. रंग बदलायचाय हे ऐकल्यावर हसले. “फिका रंग लावशाल तर पाखरं बुजत्याल. एक पाखरू थांबायचं न्हाय.”

सुलभा होडीचा दोर आवळत राहिली. काठावरच्या खानावळीत चिलापीचं कालवण (माशाचा रस्सा) खाताना मात्र ती म्हणाली, “ताई, घरात सगळं आबांचं हाय. ऊस, गाई, ट्रॅक्टर. ही एकच गोष्ट माझी हाय.” मी तिच्या ताटात माझ्या वाटणीचा तुकडा वाढला आणि रंग बदलल्याशिवाय घरी परतायचं नाही असं मनाशी ठरवलं.

संधी संध्याकाळी गोठ्यात मिळाली. आबा मला गाई दाखवत होते. आत शिरताना सहज वर पाहिलं तर गोठ्याचे पत्रे बाहेरून चुन्याने पांढरेफेक केलेले. अख्ख्या घरात काथ्या नसलेली ती एकच वस्तू.

“आबा, हे छप्पर तुमच्या रंगाचं कसं नाही?”

“खुळ्या का काय! गाई भाजून निगतील. उन्हाळ्याच्या तोंडाला चुना मारल्याबिगर हितं गाय टिकत न्हाय. तापली की दूध आटतं.”

“आणि होडीत बसलेली माणसं?”

आबांनी गाईच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला. वर पत्र्यांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “ते डोक्यात आलंच न्हाय. होडीला मी ट्रॉलीच समजत व्हतो.”

मी मनातल्या मनात उडी मारली. पण ते आबा होते. “पर पांढरी नगं,” त्यांनी लगेच बजावलं. “आणि कोणचा रंग थंड, ते नुसतं बोलून न्हाय, दाखवून द्या.”

म्हणून आम्ही बारामतीतल्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार आधी ट्रॅक्टरचा ऑइलपेंटच पुढे करत होता. फायबरच्या होडीला, आणि तेही पाण्यात राहणाऱ्या, हा चालायचा नाही, हे मी त्याला इतक्या ठसक्यात सांगितलं की त्याने विचारलं, “मॅडम, तुमच्या किती होड्या हायत?” मी डब्यांवरची नावं वाचायला लागले. त्याने होडीचा रंग पुण्याहून मागवायचं कबूल केलं आणि नमुन्याचे चार लहान डबे दिले.

परीक्षा भर दुपारी अंगणात झाली. पत्र्याच्या चार तुकड्यांना चार रंग: काथ्या, आभाळी, पांढरा आणि पिवळसर झाक असलेला फिका. वाळून उन्हात तापल्यावर सुलभाने प्रत्येकावर लोण्याचा एकेक गोळा ठेवला. दुधाच्या घरात थर्मामीटर कुणाला हवाय! काथ्यावरचं लोणी आबा खुर्चीत नीट बसेपर्यंत ओघळायला लागलं. थोड्या वेळाने आभाळीही पाझरला. पांढरा सगळ्यात शहाणा निघाला, पण त्याच्याकडे बघवेना. डोळ्यांत पाणी यायचं. फुगवट्यावर वरून ऊन नि खालून पाण्याची चमक, त्यात अशी होडी असली तर पक्षी बघायला आलेले लोक डोळे मिटूनच बसतील. फिक्या रंगावरचा गोळा मात्र पांढऱ्याच्या खालोखाल टिकून होता आणि डोळ्यांना त्रास नव्हता.

आबा उठले, वाकले, गोळ्याला बोट लावून चाखलं. “ह्या रंगाला काय म्हनायचं?”

डब्यावर कसलंतरी विलायती नाव होतं. सुलभा चटकन म्हणाली, “ताक.”

“ताकाचा रंग,” आबा म्हणाले. “मग चालंल. पर आमचा काथ्या पार पुसायचा व्हय?”

“पुसायचा कशाला? पाण्याखालच्या भागाला तोच ठेवू,” मी म्हणाले. “तिथे ऊन लागत नाही, आणि शेवाळाचा डागही दिसत नाही.” आबांना हे पटलंही आणि थोडं लागलंही. पण त्यांनी मान हलवली.

रंगकामात माझ्या ख्यातीचे धिंडवडे निघाले. होडी पालथी करून, घासून, अस्तर देऊन झाल्यावर उत्साहाच्या भरात मी भर उन्हात ब्रश चालवला. रंग ब्रशखालीच वाळू लागला आणि होडीच्या पोटावर सुरकुत्याच सुरकुत्या. सुलभा कमरेवर हात ठेवून बघत होती. “दापोलीला अशीच रंगवत्यात का?” तिने विचारलं. दोघींनी मिळून ते सगळं पुन्हा घासलं. मग रोज कोवळ्या उन्हात नि तिन्हीसांजेला, असं बेताबेताने काम केलं. माझे खांदे भरून आले, पण हात चढत गेला तशी मी स्वतःवर खूश होत गेले.

पाडव्याच्या सकाळी होडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ती पाण्यात लोटली. काथ्या भाग पाण्याखाली गेला आणि वर ताकाचा रंग तरंगत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. सुट्टीमुळे काठावर गर्दी होती, पण सुरुवातीला कुणी आमच्याकडे फिरकेना. ऊन चढलं. शेजारच्या गडद होड्यांतून माणसं चटके खात उतरू लागली. बारामतीहून आलेल्या काही निवृत्त शिक्षिका सावलीत उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने आमच्या कडेवर भीतभीत हात ठेवला. तो तिने काढलाच नाही. “अगं, गार आहे!” ती मागे वळून ओरडली, आणि बघता बघता होडी भरली.

“मलाबी जागा हाय का?” मागून आवाज आला. आबा. आजवर त्यांनी या होडीत पाय ठेवला नव्हता. ते चप्पल काढून आत आले आणि दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसले.

सुलभाने पाखरांच्या बाजूला जाऊन इंजिन बंद केलं. होडी आपली सरकत राहिली. पाखरं बुजतील, हे भानुदासरावांचं बोलणं मला आठवलं. रोहितांचा एक थवा उठला, गुलाबी पंख आमच्यावरून फिरले आणि पुन्हा तिथेच उतरले. बाकीच्यांनी तर चोचीही वर केल्या नाहीत. शिक्षिका हरखून गेल्या. मला मळमळायचं राहूनच गेलं. आबा खूप वेळ बघत बसले आणि त्यांनी हळूच बाकावरचा एक हात सोडला.

परत आलो तेव्हा भानुदासराव काठावर उभे होते, आणि त्यांच्यामागे पुढच्या फेरीसाठी माणसं. “मग आबा, काय ठरलं होडीचं?”

आबा उतरले, धोतर सावरलं. “मला काय इचारता? मालकीण तितं बसलीय.”

सुलभाने इंजिनावरचा हात न काढता सांगितलं, “न्हाय द्यायची.” तिचा आवाज एवढा मोठा मी लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला ऊन कारण नव्हतं.

आणखी थोडे दिवस राहून मी परत निघाले. परक्या मुलखात आपलं ज्ञान उपयोगी पडेल म्हणून आपण जातो, आणि ज्ञान तिथल्याच गोठ्यावर चुन्याने लिहिलेलं असतं. आपण फक्त मान वर करून बघायची. एवढं तरी मी केलं, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. निघायच्या दिवशी सुलभा मला बारामतीला सोडायला येणार होती. सकाळी तिचा फोन आला: एक मोठा ग्रुप आलाय, होडी भरलीय, दुसरी फेरीही भरलीय, कसं करू? मी म्हणाले, “येऊ नकोस. खबरदार आलीस तर.” बारामतीच्या स्टँडवर मी एकटी पिशवी घेऊन उभी राहिले. निरोप द्यायला कुणीही आलं नव्हतं, आणि एवढ्या आनंदाने मी आजवर कुठूनच निघाले नव्हते.