चटणीच्या बोर्डासमोर

नवी पेठेतल्या एका कोपऱ्यावर ती शेंगा चटणी विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की आधी पदर सारखा करायची, मग चव बघायला चिमूटभर चटणी तळहातावर ठेवायची.

एके दिवशी समोर कुठल्याशा चटणीचा भलामोठा बोर्ड लागला. त्यावर अपुऱ्या कपड्यांतली एक मुलगी बोटावरची चटणी चाटत होती. खाली लिहिलं होतं, 'एकदा चाखून तर बघ!'

मी चटणी घेत असतानाच एक मोटारसायकलवाला थांबला. बोर्डाकडे बघत तिला म्हणाला, "मावशी, तुमचीबी चाखायला मिळंल का?"

मी सुन्न झाले. पन्नाशी उलटलेल्या बाईला भर बाजारात हे विचारतो?

त्याला चव द्यायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला. "चटणी शेंगाची हाय, बाईची न्हाय. जा हितनं!"

तो हसतच निघून गेला. मी म्हणाले, "त्या बोर्डावरच्या पोरीला तरी लाज वाटायला हवी होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तिला कशाला, ताई? बोर्ड तिनं लावला व्हय? लावणारा कुटं दिसतोय का त्यात?"

मी पुन्हा वर पाहिलं. एवढ्या मोठ्या बोर्डावर त्या मुलीशिवाय कुणीच नव्हतं.