रस्त्यापलीकडची वेल

तमिळनाडूतल्या ओरत्तनाडूजवळ अय्यनार या ग्रामदेवाची राई. तिच्यातून रस्ता गेला आणि राईचे दोन तुकडे झाले. झाडांच्या जाती मोजायला त्यांतला मोठा तुकडा वासुकीनं आपल्याकडे ठेवला. कॉलेजात चोवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, हक्कच होता तिचा. छोटा तुकडा दिला कॉलेजात नव्यानं लागलेल्या कमलाक्षीला.

पहिल्याच मोजणीत वासुकीच्या तुकड्यात चौसष्ट जाती भरल्या, कमलाक्षीच्या एकाहत्तर. वासुकीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. "निम्मं तण आहे ते! ऊन शिरलं की टणटणी येणारच. राईची झाडं कुठं आहेत त्यात?" असं ती सगळ्यांना सांगत सुटली. बोलणं खरं होतं, पण जळफळाट काही जाईना.

पुढं कमलाक्षीला एका दुर्मिळ जातीची मादी वेल सापडली. वासुकीकडे त्या जातीच्या सात वेली होत्या, सातही नर. दरसाल फुलायच्या, फळ कधीच नाही. मादी वेलीसाठी वासुकीनं चोवीस वर्षं काटे तुडवले आणि या पोरीला ती दुसऱ्याच वर्षी, तीही रस्त्याच्या कडेला! आंधळ्या नशिबाला काय म्हणावं!

एकच झाड असेल तर मुळाला हात लावायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला नियम. आणि अय्यनारच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा गावातलं कोणी घरी नेत नाही. रविवारी वासुकी खुरपं घेऊन गेली. फक्त फांदी घेऊ, असं मनाशी म्हणत गेली. पण फांदी घेतली तर उद्या कमलाक्षीही घेणार, आणि मग शोधाला दोघींची नावं लागणार. तिनं वेल मुळासकट उपटली, घरी आणून नमुना म्हणून वर्तमानपत्रात दाबली आणि चिठ्ठीवर लिहिलं: संग्राहक, वासुकी. त्या रात्री तिला छान झोप लागली.

सोमवारी सकाळी ती आपल्या तुकड्यात काम करत होती, तेवढ्यात कमलाक्षी आली. हातात रंगाचा बारीक ब्रश, कागदाची पुडी.

"अक्का, तुमच्या वेलींची फुलं हवीत. माशा रस्ता ओलांडत नाहीत, म्हणून मीच पराग नेऊन मादीला लावते. बी धरलं की तुमच्याच तुकड्यात पेरू. शोधनिबंधावर तुमचं नाव पहिलं लिहिलंय, तुम्हीच शिकवलंत मला."

वेल उपटल्याचं वासुकीनं सांगायला हवं होतं. तिनं सातही वेलींवरची फुलं खुडून पुडीत भरून दिली.

कमलाक्षी पुडी जपत, दोन्हीकडे बघत, रस्ता ओलांडून गेली.